वरून वाचायचे आकडे

अप्पा, तुम्ही काढलेले आकडे मी एका संग्रहालयाला माझे म्हणून दाखवले आहेत. आता त्यांना तसं लेखी हवं आहे, बाँडपेपरवर, की ही रचना माझी स्वतःची असून कुणाच्या कामावरून घेतलेली नाही. मजकूर त्यांनीच टाइप करून पाठवला आहे, खाली माझी सही तेवढी बाकी आहे. चार दिवस तो कागद टेबलावर पडून आहे. त्यावर मी कधी चष्मा ठेवते, कधी चहाचा कप, आणि कप उचलला की सहीची जागा पुन्हा दिसते. सही केली तर काम माझं, नाव माझं आणि तुम्ही त्यात कुठंच नाही. नाही केली तर समितीसमोर जाऊन सांगावं लागेल की बाई पन्नाशीला आली आणि खोटं बोलली. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले ती अडचणीत सापडल्यावर, हे तुमच्या लक्षात येईलच. पण खरं सांगते, अडचणीपेक्षा मला कुतूहल जास्त आहे. तुमच्या काही गोष्टी मला तेव्हा कळल्या नव्हत्या, आणि या कागदाच्या निमित्तानं त्या आता एकेक करून समोर येऊन बसल्या आहेत.

आधी काम काय ते सांगते. नांदेडला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. लग्नपत्रिका, शाळांची माहितीपत्रकं, पतसंस्थांची कॅलेंडरं, असलं सगळं मी कॉम्प्युटरवर करते. तुम्ही असता तर मागं उभं राहून विचारलं असतं, "ह्यात ब्रश कुठं हाय?" यंदा इथल्या एका संग्रहालयानं पहिल्यांदाच आधुनिक चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आजवर तिथं ताम्रपट, तलवारी आणि नाक तुटलेल्या मूर्ती. आता मराठवाड्यातल्या हयात चित्रकारांची चित्रं. प्रदर्शनाचं नाव ठेवलं 'आज'. त्याची दृश्यओळख करायचं काम माझ्याकडे आलं. दृश्यओळख म्हणजे पोस्टर, निमंत्रण, तिकीट, दारावरची पाटी, दालनांचे नंबर, बाण, अगदी 'चित्रांना हात लावू नये' हेसुद्धा, सगळं एका हातानं केल्यासारखं दिसलं पाहिजे. तुमच्या भाषेत सांगायचं तर लातूरच्या अख्ख्या गंजगोलाई बाजारातल्या पाट्या एकाच पेंटरनं रंगवायच्या. मला वाटलं, यात काय मोठं. पहिला आराखडा नेला, चौकोन-त्रिकोणांचा. हे प्रदर्शन उभं करणाऱ्या मॅडम आहेत, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आणि बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, छान आहे, पण हे विमानतळाचं वाटतं, नांदेडचं नाही. दुसऱ्या वेळी मी देवळाचे खांब आणि नक्षी आणली, तर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, यात आधुनिक काय? इकडं आड, तिकडं विहीर अशी गत झाली. यंदा दोन्ही कोरडे, हा भाग वेगळा.

यंदा म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही आधी विचाराल, त्या डब्यांवर अक्षरं कुणी लिहिली. त्याच उन्हात निलंग्याला मामांच्या नातीचं लग्न होतं. येताना आम्ही शिरूर अनंतपाळच्या बाजूनं आलो आणि तो तलाव दिसला तशी मी गाडी थांबवायला सांगितली. तलाव कसला, भेगाळलेली माती, मधोमध एक डबकं आणि त्यात चार म्हशी. पण बांधाच्या आतल्या उतारावर, दगडांमधून ओतलेल्या सिमेंटच्या पट्ट्यावर, पाण्याची पातळी मोजायला तुम्ही रंगवलेले आकडे होते. वरचे उन्हानं खाल्लेले, सहा आणि सात म्हणजे नुसते डाग. खालचे मात्र शाबूत होते, कारण ते बहुतेक वर्षं पाण्याखाली आणि गाळाखाली राहिले, आणि रंगवण्याआधी छिन्नीनं कड कोरून घ्यायची तुमची सवय. लग्नातली भारी साडी खोचून मी खाली उतरले. तुमचा १ माझ्यापेक्षा उंच होता. समोर उभं राहून बघितलं तर ते आकडे कुठल्या पुस्तकात न सापडणारे, अंगानं सडपातळ, मान ताणलेले, विचित्र आणि फार देखणे. मी फोटो काढले. पुढचे आठ दिवस त्या आकड्यांतून अक्षरं काढत बसले. तुमच्या ३ च्या पोटातून अ निघाला, तुमच्या १ चा दांडा त्याला काना म्हणून लागला. ज कशातूनच निघेना, तो मी माझ्या मनानं ओढला.

समितीला ते एका नजरेत आवडलं. "ह्याला म्हणतात मॉडर्न," ते देवळाच्या नक्षीवर नाक मुरडणारे गृहस्थ म्हणाले. मॅडमनी विचारलं, "ही अक्षरं कुणाची?" आणि मी म्हटलं, "माझीच." तोंडातून निघून गेलं. त्यांनी सहज विचारलं होतं; पण चोराच्या मनात चांदणं, पुढचा अर्धा तास सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत राहिलं. का म्हटलं तसं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. 'वडिलांची' म्हटलं असतं तर ते चित्रकार होते का, असा प्रश्न आला असता. मग मी पेंटर म्हटलं असतं, आणि त्यावर जे "अच्छा, पेंटर" येतं, तो आवाज मला शाळेपासून पाठ आहे. मला तो त्या खोलीत ऐकायचा नव्हता. लाज वाटली, अप्पा. तुमची वाटली की माझी, ते नीट सांगता येणार नाही, पण वाटली.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मी औरंगाबादला कला महाविद्यालयाचं पहिलं वर्ष करून घरी आले होते. जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता. दुकानदार पाटीकडे बघायला तयार नव्हते. तुमच्याकडे कामं होती ती दोनच, दोन्ही सरकारी. गावोगावच्या शाळा-चावड्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव मिटवून 'जि. लातूर' लिहायचं, जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी ते संपलं नव्हतं. आणि आटलेल्या तलावात उतरून पाणी मोजायचे आकडे रंगवायचे. भरल्या तलावात ते होत नाही, त्यामुळे दुष्काळ हाच त्या कामाचा हंगाम. मी तुमच्याबरोबर येत होते, मदतीला कमी आणि चुका काढायला जास्त. एका वर्षात मी इतकं शिकून आले होते की नाकानं कांदे सोलत होते. तलावात तुम्ही खडूनं १ आखलात आणि मी म्हटलं, "अप्पा, प्रमाण चुकलंय. रुंदीच्या मानानं उंची तिप्पट झाली." सकाळच्या पूजेचं भस्म घामानं तुमच्या भुवईपर्यंत उतरलंय, गळ्यातलं लिंग बनियनच्या आत सारलेलं, हातात खडू. तुम्ही वर न बघता म्हणता, "वर जा. तितून बघ." मी म्हणते, वर गेल्यानं चूक बरोबर होणार आहे का? "वर जा म्हनलं न्हवं?" मी निघाले, पण रुसून अर्ध्या उतारावर बसून राहिले आणि तिथूनच ओरडले, "अजून लांबच दिसतंय." तुम्ही हसलात की नाही ते मला तेवढ्या अंतरावरून दिसलं नाही.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही हातपाय धुऊन आलात, दारात बसलात आणि मला तुमच्या शेजारी फरशीवर बसवलंत. "त्या पलीकडच्या परातीतली भाकर कशी दिसती?" मी म्हटलं, गोल. तुम्ही म्हणालात, "हाय कशी ते न्हाई इचारलं. दिसती कशी?" मी मान खाली घेतली आणि मला पहिल्यांदा दिसलं की ती गोल नव्हतीच, चपटी होती, बसकी. "मंग हितून तुला गोल दिसायची आसंल तर कशी थापाय पायजे?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती निलंग्याच्याही पलीकडची, वैतागली की माहेरचं कानडी बाहेर यायचं. "साकू, साकू," म्हणजे पुरे झालं, "लांब भाकर थापली तर तव्यात मावंल का? आन खानार कोन, तुमचा चौकीदार?" तेव्हा तुम्ही सांगितलंत की तलावाच्या चौकीदाराचा पाय अधू आहे, त्याला उतारावरून खाली जाता येत नाही, तो रोज सकाळी बांधावरूनच पाणी बघतो. त्याला तिथून आकडा आकड्यासारखा दिसायला हवा. कागदावर तो कसा दिसतो याच्याशी कुणाला काय करायचं होतं? हे इतकं साधं होतं की मला रागच आला, कारण माझ्या कॉलेजात ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खरोखर वर गेले. तुम्ही खाली, मी बांधावर, चौकीदाराच्या जागी. मी ओरडायची, "आखूड," तुम्ही खडूनं लांबवायचे. "अजून." "बराबर का?" "बराबर." आकडा जितका खालचा तितका लांब करावा लागत होता, म्हणून सगळ्यात खालचा १ सगळ्यात लांब झाला. दुपारी सावलीला बसून जेवताना मी तुम्हाला विचारलं, एवढा जीव काढून १ कशाला काढायचा? एक पाऊस झाला की तो बुडणार, कोण बघणार आहे त्याला? तुम्ही कांदा फोडत होता. म्हणालात, "ज्या दिवशी ह्यो दिसंल ना, त्या दिवशी समदं गाव बांधावर येऊन ह्योच वाचंल. त्या दिवशी चुकाय नगं." मला ते तेव्हा सरकारी कामाचं उत्तर वाटलं होतं. परवा मी साडी खोचून तिथं उभी होते तेव्हा बांधावर तीन माणसं उभी होती. ती १ कडेच बघत होती.

आता माझा मुख्य प्रश्न. तुम्ही कुठंच तुमचं नाव का लिहिलं नाही? लातुरातले बाकीचे सगळे पेंटर पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकत, पुढं 'आर्ट्स'. तीच तर त्यांची जाहिरात. त्याच सुट्टीच्या शेवटी दुकानाचं एकुलतं एक काम आलं, आणि त्या किराणा दुकानाची अख्खी पाटी तुम्ही मला एकटीला करायला दिलीत. मी तीन दिवस खपले आणि शेवटी कोपऱ्यात माझं नाव घातलं. तुम्ही आलात, पाटी लांबून बघितलीत, जवळून बघितलीत, रॉकेलचा बोळा घेतलात आणि माझं नाव पुसलंत. दुकानदार समोर उभा. "दुकान कुनाचं हाय?" तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, यांचं. "मंग नाव कुनाचं पायजे?" मी म्हटलं, सगळे लिहितात की. "लिहू दे. त्येंची मर्जी." एवढंच. अक्षरं चांगली झालीत असंही म्हणाला नाहीत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. औरंगाबादला निघाले तेव्हा पिशवीत तुमचा दोन इंची ब्रश सापडला, कापडात गुंडाळलेला. आपण त्याबद्दलही कधी बोललो नाही, आणि मी वर्षानुवर्षं हेच धरून बसले की तुम्ही मला सगळ्यांसमोर पुसलंत.

हा नम्रपणा होता की उलट, मोठा ताठा होता? मी दोन्ही लावून बघितलं. कधी वाटतं, भीती असेल, नाव लिहिलं की चूकही आपल्या नावावर चढते. पण मग जिल्ह्याच्या पाट्या आठवतात. जुन्या पाटीची खालची ओळ मिटवायची म्हणजे त्या ओळीच्या शेजारी असलेली आधीच्या पेंटरची सहीही जायची. प्रत्येक वेळी ब्रश लावण्याआधी तुम्ही ती सही मोठ्यानं वाचायचात. "उदगीरचा दिसतोय. हात चांगला हाय." आणि मग तिच्यावर रंग फिरवायचात. दिवसाला दोन-तीन माणसांची नावं अशी आपल्या हातानं मिटवल्यावर स्वतःचं लिहावंसं वाटत नसेल का? की तुम्ही आधीपासूनच तसे होता? त्या एका गावात शाळेच्या भिंतीला तुम्ही हात घालणार तेवढ्यात एक म्हातारे काठी टेकत आले आणि म्हणाले, "तू कोन रं आमचा जिल्हा बदलनारा? आमाला इचारलं का?" मला हसू आलं होतं. तुमच्याकडे हुकुमाचा कागद होता, तो दाखवून मोकळं होता आलं असतं. तुम्ही ब्रश डब्यावर आडवा ठेवलात आणि म्हणालात, "मी न्हाई बदलला बाबा, मी निस्ता रंग लावून राहिलो. तुमी सांगा, लावू का नगं?" ते म्हातारे ओट्यावर बसले. तुम्हीही बसलात. बराच वेळ गेला. त्यांनी तुम्हाला गाव विचारलं, कूळ विचारलं, तंबाखू दिली आणि शेवटी म्हणाले, "आता आलाच हाईस तर लिही. पर पुन्हा बदलाय येऊ नगंस." तेव्हा कुठं तुम्ही उठलात. आपला अर्धा दिवस गेला म्हणून मी परतीच्या वाटेवर कुरकुरत होते, आणि तुम्ही म्हणालात की भिंत त्यांची आहे.

आपल्यात दहन नाही, तुम्हाला बसवून पुरलंय. त्यामुळे तुम्ही गेलात असं मला पुरतं कधी वाटलेलंच नाही, मांडी घालून कुठंतरी बसलेले आहात असंच वाटतं, आणि म्हणूनच एवढं बोलवतंय. पण उत्तर मात्र मलाच शोधायचं आहे.

इथवर लिहून बरेच दिवस ठेवून दिलं होतं. मधल्या काळात जे झालं ते सांगते. पोस्टरची पहिली मोठी छपाई आली आणि आम्ही ती संग्रहालयाच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर लावून बघितली. मी आणि मॅडम खूश होऊन बघतोय, तेवढ्यात तिथं झाडलोट करणाऱ्या मावशी हातात खराटा घेऊन थांबल्या. "ताई, हे काय उभं गवत काढलं? वाचता येऊन नाही राहिलं." मॅडम हसल्या. मग त्यांनी रस्त्यावरच्या दोघांना बोलावून विचारलं, एका रिक्षावाल्याला विचारलं. कुणालाच 'आज' वाचता आलं नाही. एकानं १७ वाचलं. मॅडमचं हसू गेलं. उद्घाटनाला बारा दिवस होते आणि निमंत्रणं छापायला गेली होती. दुपारी भिंत धुवायची म्हणून मावशींनी ते भलंमोठं पोस्टर उतरवलं आणि फाटकापासून दारापर्यंत जो चढणीचा रॅम्प आहे, चाकाच्या खुर्चीसाठी केलेला, त्यावर वाळत घातल्यासारखं पसरून ठेवलं. मी रडकुंडीला येऊन चहा प्यायला बाहेर गेले होते. परत येताना फाटकात पाय ठेवला आणि समोर स्वच्छ लिहिलेलं होतं, आज. अक्षर कसं, तर तुमच्या पाटीवरचं, ठाशीव, जिथल्या तिथं.

मी तिथंच उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. भाकरीपासून बांधापर्यंत सगळं मला माहीत होतं, मीच तर वर उभी राहून "आखूड, आखूड" ओरडले होते, आणि तरी फोटो मी खाली उतरून समोरून काढले, कारण समोरून ते आकडे जास्त देखणे दिसत होते. ते वाचायचे असतात हे मी विसरले होते. तुम्ही ज्याला काम म्हणत होता त्याची मी नुसती ऐट उचलून आणली होती. मी मॅडमना फाटकात बोलावून आणलं. त्यांनी बघितलं, दोन पावलं पुढं गेल्या, अक्षर ताणलं गेलं, मागं आल्या, पुन्हा जुळलं. असं त्यांनी चार-पाचदा केलं. मग म्हणाल्या, "भिंतीवर काहीच नको. हेच करू या, जमिनीवर. पण तुम्हाला हे सुचलं कसं?"

अप्पा, तिथं मला 'माझंच' म्हणता आलं असतं. बाँडपेपर तसाच होता, सहीची जागा तशीच होती. पण जे तुम्ही भाकर दाखवून शिकवलंत त्याच्याबद्दल कुतूहलानं विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला माझी जीभ वळली नाही. मी सगळं सांगितलं. तलाव, चौकीदार, १, आणि मी समितीत काय बोलले तेही. "ते चित्रकार होते?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "पेंटर होते. पाट्या रंगवायचे." त्या "अच्छा" म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं की त्या तलावाकडे जायला किती वेळ लागतो. समितीतल्या गृहस्थांनी मात्र मला सोडलं नाही. "म्हणजे आकडे वडिलांचे, युक्ती वडिलांची, मग यात तुमचं काय?" मी म्हटलं, ज माझा आहे. आणि माणसाला कुठं उभं करायचं ते मी ठरवलंय. काम माझ्याकडेच राहिलं. रॅम्पवर मी हातानंच लिहिलं, दालनांचे नंबरही जमिनीवर, मावशी आधी फाटकात, मग दालनांच्या दारात उभ्या राहून सांगत होत्या आणि मी गुडघ्यांवर. पोस्टरवर आता फाटकातून दिसणाऱ्या त्या रॅम्पचा फोटो आहे, आणि तो कुणालाही वाचता येतो.

पण सरकारी फाइलचं पोट कागदाशिवाय भरत नाही. पहिला कागद रद्द झाला तसा दुसरा आला. तुमचं नाव श्रेयफलकावर द्यायचं तर तुमची लेखी परवानगी हवी, ती शक्य नाही, म्हणून तुमच्या वारसाचं ना-हरकत प्रमाणपत्र. "वारस कोण?" क्लार्कनं विचारलं. मी म्हटलं, मीच. "मग तुमीच द्या की लिहून." तर मी लिहून दिलं. 'माझे दिवंगत वडील यांचे नाव सदर प्रदर्शनात अक्षरकार म्हणून जाहीररीत्या देण्यास त्यांची कोणतीही हरकत नव्हती व नाही.' हे वाक्य त्यांच्या नमुन्यातलं, त्यात मला काना-मात्रा बदलता येत नव्हता. खाली सही केली, साक्षीदार म्हणून मावशींनी अंगठा नाही, वळणदार सही केली, आणि फलक लागला. त्यावर तुमचं पूर्ण नाव आहे, पुढं 'पेंटर, लातूर'. पहिल्या दिवसापासून शाळांच्या सहली येतायत, पोरं रॅम्पवर पुढं-मागं नाचत अक्षर ताणतात आणि जुळवतात.

हे पत्र मी त्या फाइलीत लावू शकत नाही, कारण तिथं तुमची हरकत नाही असं लिहिलंय आणि इथं ती आहे. मी तुम्हाला एवढे प्रश्न विचारले, पण त्यांची उत्तरं काहीही असोत, नावाबद्दल विचारलं असतं तर तुम्ही 'नगं' म्हणाला असता, आणि हे मला सही करताना ठाऊक होतं. एका खोट्यावर सही करायची टाळली ती दुसऱ्या खोट्यावर केली, आणि हे दुसरं तर तुमच्या तोंडी घातलं. तुमचा मान राखायला केलं असं मी सगळ्यांना सांगते. मॅडमच्या डोळ्यांत त्यावर पाणीही आलं. पण तसं नाही, अप्पा. ते तुमच्यासाठी नव्हतंच. तुमचं नाव कुठंतरी मोठ्या अक्षरात लिहिलेलं मला एकदा वाचायचं होतं.